बोटीत पाय टाकण्याआधी : बंदर कप्तान आणि पर्यटन संचालकांस खुले पत्र

प्रति,
मा. बंदर कप्तान, गोवा सरकार, पणजी
मा. संचालक, पर्यटन खाते, गोवा सरकार, पणजी

विषय : भाड्याच्या बोटींवर ठळक पाटी आणि गिऱ्हाइकाच्या हातात छापील पावती असण्याबाबत

महोदय,

मी डिचोली तालुक्यात घरगुती होम-स्टे चालवते. पाहुणे बहुतेक कोल्हापूर, सांगली, बेळगाव आणि पुण्याकडचे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांसकट येतात. समुद्र त्यांचा एकदोनदा पाहून झालेला असतो. आता गर्दी नको, शांत पाणी हवे. सामान खोलीत टाकून चहाला बसले की प्रश्न येतोच, "काकू, तळ्यावर बोट मिळेल का हो? अख्खी, आमची आमचीच?"

त्याचे उत्तर मला पाठ आहे. पोरांना पायडल मारायचे असेल तर मये तळे जवळच आहे. बोटीवरच रात्र काढायची हौस असेल तर शिवोलीकडे जा, शापोरा नदीच्या पात्रात हाऊसबोटी आहेत. पक्षी बघायचे असतील तर रायबंदरहून फेरीने चोडणला उतरा, सलीम अली अभयारण्याच्या खारफुटीतून होडीने फिरवतात. सकाळी लवकर जा, आणि भरतीची वेळ आधी विचारून घ्या. करमळीच्या तळ्यावर किंवा कुडचड्याच्या नंदा तळ्यावर मात्र बोट मागू नका. नंदा तळे २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले, गोव्यातले ते पहिलेच. ते पक्ष्यांचे आणि खालच्या भातशेतीचे पाणी आहे. तिथे काठावर उभे राहून दुर्बिणीतून बघावे आणि परत यावे.

एवढे सांगून झाले की कोणीतरी विचारतो, "पण बोट चांगली आहे ना?" इथे माझी बोलती बंद होते. मला ते कळायला मार्ग नाही, पाहुण्याला तर नाहीच. तुमच्या दप्तरात मात्र त्याची नोंद असते. माझी मागणी एवढीच आहे की दप्तरातली ती माहिती बोटीच्या अंगावर आणि गिऱ्हाइकाच्या हातात येऊ द्या. बोटीच्या दोन्ही बाजूंना वीतभर अक्षरांत नोंदणी क्रमांक आणि किती माणसे बसायची तो आकडा. चढायच्या पायरीपाशी तीच पाटी, सोबत शेवटच्या तपासणीची तारीख आणि विम्याची मुदत. आणि पैसे घेताना छापील पावती, जिच्यावर बोटीचा क्रमांक, चालवणाऱ्याचे नाव, सुटण्याची आणि परतण्याची वेळ, दर, आणि फेरी रद्द झाली तर पैशांचे काय हे लिहिलेले असेल.

पाहुण्याला रात्रभर छप्पर द्यायचे तर काय काय लागते ते मी जाणते. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी, तिचे नूतनीकरण, प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत, परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म. त्याबद्दल माझी कुरकुर नाही. अनोळखी माणसे झोपायला येतात, सरकारला ठाऊक असायलाच हवे. पण माझ्या खोल्या बुडत नाहीत हो! हाच पाहुणा दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन बोटीत बसतो तेव्हा त्याला नाव कोणी विचारत नाही, आणि त्यालाही बोट कोणाची, चालवणारा कोण, याचा पत्ता नसतो. आदल्या संध्याकाळी भाड्याची स्कूटर घेताना त्याने चारी बाजूंनी फोटो काढलेले असतात, मडगार्डवरचा ओरखडा मालकाला दाखवून "हा आधीचाच आहे" असे वदवून घेतलेले असते. पाण्यावर गेला की तो चौकसपणा कुठे जातो कोण जाणे. पण त्याला दोष तरी कसा द्यावा? स्कूटरला निदान नंबरप्लेट असते.

कायदाच नाही असे कोणी म्हणणार नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची तपासणी, नोंदणी, विमा, चालवणाऱ्याची पात्रता हे सगळे त्यात आहे. यंत्राविना चालणाऱ्या होड्यांची नोंद स्थानिक संस्थांकडे सोपवायची सोयही आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ साली बोटसुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात तर एवढ्याशा गोव्यातले मांडवी, जुवारी, कुंभारजुवे, शापोरा, म्हापसा आणि साळ असे सहा जलमार्ग बसवले आहेत. कागदावर आपण मोठी दर्यावर्दी मंडळी आहोत.

धक्क्यावर काय चालते ते सांगते. सुरुवात माणसे मोजण्यापासून. एका ठिकाणी (नाव घेत नाही, आणि ते मयेचे नाही) बोट ठरवताना मी विचारले, किती जण बसतील? "धा जाण," उत्तर आले. आमच्या पाहुण्यांत दहा मोठे आणि चार मुले होती. मी चौदा म्हटल्यावर बोटवाला हसला. "ल्हान भुरगीं मेजिनांत, बाय." पोरे मोजायची नसतात म्हणे! त्यातले एक पोर आठवीतले, माझ्याहून उंच. शिवाय बर्फाचा डबा, पाण्याचे कॅन, आजींची व्हीलचेअर घडी करून, आणि गाण्यांचा एक भलामोठा स्पीकर. यातले काहीच मोजण्यात येत नाही. शहरातल्या कुठल्याही इमारतीच्या लिफ्टमध्ये "६ माणसे, ४०८ किलो" अशी पाटी असते. माणशी ६८ किलो धरलेले असतात आणि त्यावर वजन गेले की ती घंटा वाजवून हलायचे नाकारते. बोट नाकारत नाही. ती मुकाट्याने आणखी चार बोटे खाली बसते, आणि पाण्यापासून काठापर्यंतची जी उंची तिला सांभाळणार असते तीच कमी होते.

दुसरी गोष्ट खुर्च्यांची. पाहुण्यांसोबत मी एकदा एका दुमजली बोटीवर होते. वरच्या मजल्यावर लग्नाच्या मांडवातल्यासारख्या प्लास्टिकच्या मोकळ्या खुर्च्या मांडलेल्या. कुंभारजुवे कालव्याजवळ आलो आणि कोणीतरी "मगर, मगर!" ओरडले. त्या कालव्यात मगरी आहेत, त्यामुळे ओरडणाऱ्याचे काही चुकले नाही. सगळी माणसे उठून उजव्या कठड्याला धावली आणि त्यांच्या मागोमाग रिकाम्या खुर्च्या सरसर घसरत तिकडेच गेल्या. बोट कलली. सुकाणूवरच्या माणसाने शिव्या देत वेग कमी केला, अर्धी माणसे ओरडून परत बसवली, मग ती सरळ झाली. मगर नव्हतीच, ओंडका होता. माणसांचे वजन वरच्या मजल्यावर, तेही एका बाजूला, आणि घसरत जाणारे सामान त्याच बाजूला. बोट उलटायला याहून जास्त काही लागत नाही, वादळ तर नाहीच. मासेमारीची होडी ओझे तळाशी घेऊन चालायला बांधलेली असते. तिच्यावर माळा चढवून माळ्यावर माणसे बसवली की ती वेगळीच वस्तू होते, आणि तिची तपासणीही नव्याने व्हायला हवी.

७ मे २०२३ ला केरळात तानूरला हेच झाले. मासेमारीच्या होडीची दुमजली पर्यटक बोट केलेली, माणसे क्षमतेबाहेर भरलेली, दिवस मावळल्यावरची फेरी. २२ जण गेले. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याला हरणीच्या तळ्यात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका. तिथेही माणसे जास्त होती, आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात नव्हते. "तळ्यात काय होणार?" असे मला कोणी म्हणाले की मी हरणीचे नाव घेते. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने बोट उलटून ६ जण बुडाले. आणि २५ डिसेंबर २०२४ ला, ऐन नाताळात, आपल्या कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एक जण दगावला, वीसेक जणांना पाण्याबाहेर काढले. प्रत्येक वेळी चौकशी लागते, चार दिवस धक्क्यावर पोलीस दिसतो, जॅकेटांचा नवा गठ्ठा येतो.

जॅकेटाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथे आहे. नारिंगी रंगाचे काहीतरी अंगात अडकवले की माणसाला सुरक्षित वाटते. मी ती हातात घेऊन पाहिली आहेत. ओली, कुबट वास येणारी, आतला फोम चुरगाळून खाली गोळा झालेला. बक्कल तुटलेले, म्हणून नाडीची गाठ मारलेली. लहान मुलाला मोठ्याचे जॅकेट घालतात. मुलाला उभे करून दोन्ही खांद्यांपाशी जॅकेट धरून वर उचलावे. ते हनुवटीच्या वर, कानांपर्यंत सरकत असेल तर पाण्यात पडल्यावर मूल खालून निसटणार. एवढी परीक्षा कोणीही करू शकतो, पण ती कोणी सांगत नाही. दुसरे म्हणजे सगळी जॅकेटे एका कामाची नसतात. मानेमागे कॉलर असलेले खरे लाइफ जॅकेट शुद्ध हरपलेल्या माणसाचेही तोंड पाण्याच्या वर ठेवायला मदत करते. नुसते बंडीसारखे असते ते पोहता येणाऱ्याला आधार देते, तोंड वर धरीलच असे नाही. आणि गोड्या पाण्यात माणूस समुद्रापेक्षा कमी तरंगतो, त्यात तळ्याच्या कडेला चिखल, गवत आणि शेवाळात पाय अडकतात. तेव्हा तळ्यावर जुनी-पुराणी जॅकेटे चालतील हा हिशेबच उलटा आहे. तुमच्या तपासनीसांनी वर्षातून एकदा न कळवता यावे, नाडीवाली सगळी जॅकेटे कापून टाकावीत आणि लहान मुलांच्या मापाची किती आहेत ते पाटीवर लिहायला लावावे.

आता पैशांचे. बोट ठरते ती बोटवाल्याकडे नव्हेच. ती ठरते रस्त्यावर, टॅक्सीत, शॅकमध्ये, नाहीतर फोनवर. मधला माणूस फोटो पाठवतो. फोटो बहुधा आलप्पुळाच्या एखाद्या हाऊसबोटीचा असतो, वेताचे छप्पर, पडदे, फुलदाणी. आमच्याकडच्या एका कुटुंबाने असाच फोटो बघून "अख्खी बोट, रात्रभर" म्हणून आगाऊ रक्कम पाठवली. धक्क्यावर गेले तर त्यांच्या आधी दुसरा एक कंपू बसलेला, बोट फोटोतली नव्हती, आणि फोन घेणाऱ्याने फोन घेणे सोडले होते. पावती काय, तर फोनवरची हिरवी बरोबरची खूण आणि एका इसमाचे नाव. तो इसम बोटीचा मालक नव्हता, खलाशी नव्हता, धक्क्यावर त्याला कोणी ओळखतही नव्हते. अशा वेळी तक्रार कोणाविरुद्ध करायची? पावतीवर बोटीचा क्रमांक असता तर प्रश्न तिथेच सुटला असता. दलाली बंद करा असे मी म्हणत नाही. हंगामात निम्म्या गोव्याचे घर तिच्यावर चालते. पण ज्याने पैसे घेतले त्याने बोटीचा क्रमांक लिहून द्यायचा, एवढे बंधन पुरे आहे.

तासाचेही असेच. "एक तास" म्हणजे इंजिन सुरू झाल्यापासून, की सगळे बसल्यापासून, की आधीची फेरी परत आल्यापासून? "डॉल्फिन दिसला नाही तर पैसे नाहीत" अशी जाहिरात करणारे आपण, पण पाऊस आला तर पैसे मिळतील का, हे विचारले की सगळे आकाशाकडे बघतात.

हवामानाचा मुद्दा मी पैशांबरोबर मुद्दाम घेतला आहे. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा वारा कसा उठतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. पाणी तासाभरापूर्वी आरशासारखे असते. बोटवाल्याला ढग दिसतात, पण फेरी रद्द केली तर आगाऊ रक्कम परत द्यावी लागेल, म्हणून तो म्हणतो, "कांय जावचें ना," काही होणार नाही. पाहुण्यालाही ढग दिसतात, पण पैसे बुडतील, उद्या सकाळी गाडी आहे, पोरे रडतील, म्हणून तोही बसतो. दोघांनाही कळत असून दोघेही निघतात, कारण रद्द करण्याची किंमत कोणीतरी एकट्याने सोसायची असते. वेधशाळेचा इशारा असेल त्या दिवशी फेरी रद्द आणि रक्कम पूर्ण परत, असे छापील पावतीवरच असले तर वाद घालायला जागा राहत नाही. सूर्यास्तानंतर भाड्याची लहान बोट सुटणार नाही, हेही तिथेच लिहावे.

रात्रीच्या हाऊसबोटीबद्दल थोडक्यात. नांगर कुठे टाकणार, गॅसचा सिलिंडर कुठे ठेवला आहे, अग्निशामक आहे का, संडासाची टाकी आहे की सगळे थेट नदीत, आणि ओहोटीला पात्र उथळ झाले तर मधेच किती वेळ थांबायचे. हे विचारायचे प्रश्न मी माझ्या पाहुण्यांना कागदावर लिहून देते. सरकारी पाटीवर आले तर मला कागद लिहून द्यावा लागणार नाही.

बोटवाल्यांची बाजू मला ठाऊक नाही असे समजू नका. माझ्या नात्यात बोटवाले आहेत. हंगाम काही महिन्यांचा, पावसाळ्यात बोट काढून ठेवायची, रंग, इंजिनाची दुरुस्ती, डिझेल, पाळीत उभे राहून दिवसाला जेमतेम फेऱ्या, वर दलाली. त्यात आणखी एक कागद कशाला, असे ते म्हणणारच. पण आज सगळ्यात जास्त मार बसतो तो नियम पाळणाऱ्यालाच. तो दहाच माणसे घेतो, शेजारचा चौदा घेऊन माणशी दर पाडतो, आणि गिऱ्हाईक तिकडे जाते. बोटीवर "१०" असे वीतभर लिहिलेले असेल तर अकरावा माणूस चढताना त्याची बायकोच त्याला मागे ओढील. सगळे काम तुमच्या तपासनीसाने करायची गरज नाही, आकडा दिसला की निम्मे काम गिऱ्हाईकच करते. आणि सुकाणूवरचा पोरगा ओडिशाचा असो की चोडणचा, मला फरक पडत नाही. त्याचे नाव पावतीवर असावे, आणि पाण्यात पडलेल्या माणसाला बोटीत कसे ओढून घ्यायचे हे त्याला येत असावे.

सगळीकडे एकदम करा असे मी म्हणत नाही. मयेपासून सुरुवात करा. तळे लहान, पाणी बंदिस्त, आणि तिथे 'दृष्टी मरीन' या संस्थेचे जीवरक्षक असतात. चुका झाल्या तर तिथे सुधारता येतील. मग शापोऱ्याच्या हाऊसबोटी, मग मांडवी, आणि किनाऱ्यांवरच्या बोटी शेवटी, कारण तिथे ओरड सगळ्यात मोठी होणार आणि तोवर तुमच्या हाताशी दाखवायला काहीतरी असेल.

पावतीचा एक नमुना मी तयार केला आहे. पुढच्या बाजूला मराठी आणि कोंकणी, मागे हिंदी आणि इंग्रजी. मुलांची संख्या लिहायला वेगळा रकाना आहे आणि बेरीज करायची ओळही आहे. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि खरा हंगाम ऑक्टोबरात लागतो, म्हणजे मधल्या दोन महिन्यांत छपाई आणि पाट्या दोन्ही होऊ शकतात. पहिल्या वर्षी पावतीपुस्तके छापायचा खर्च अडत असेल तर आम्ही डिचोलीचे काही होम-स्टेवाले तो वाटून घ्यायला तयार आहोत. नमुना या पत्राबरोबर तुमच्या दोन्ही कार्यालयांत आणून देते. कोणत्या टेबलावर द्यायचा तेवढे कळवावे.

आपली विश्वासू,
डिचोली तालुक्यातील एक होम-स्टे चालक